आपला कागद परत

त्यांना कुणी निघताना 'काही लागलं तर सांगा' म्हणालं, की ते तिथल्या तिथं सांगायचे.

आमच्याकडं ही बोलायची रीत आहे. माणूस पायात चप्पल सरकवतो, दाराशी वळतो आणि म्हणतो, काही लागलं तर सांगा बरं का. त्याला उत्तर नसतं. ऐकणारा 'हो, हो' म्हणतो आणि दार लावून घेतो. हे गृहस्थ मात्र म्हणायचे, "थांबा की. लागून राहिलंय ना. वरची टाकी गळते. मंगळवारी येता का बुधवारी?" समोरच्याचा एक पाय चपलेत, एक बाहेर. पुढं पुढं आमच्या गल्लीतल्या लोकांनी त्यांच्यासमोर ते वाक्य बोलायचंच सोडून दिलं. नुसतं 'येतो' म्हणून जायचे. ते मला म्हणायचे, "बघा बाई, गल्ली सुधारली."

ते लातुरात पुस्तकं बांधायचे. बाप बांधायचा, आजा बांधायचा. निजामाच्या वेळची दप्तरं आजानं बांधलेली, असं ते सांगायचे. रस्त्याच्या अंगाला त्यांचं दुकान, मधे चौक आणि नळ, मागच्या दोन खोल्यांत माझी मेस. मी त्यांची भाडेकरू. क्लासची पोरं त्यांना चाचा म्हणायची, म्हणून मीही चाचा म्हणायची. ते मला बाई म्हणायचे. बायको लवकर गेलेली, मूल नव्हतं. अंगानं काटकुळे, नखांत कायम वाळलेली खळ. जवळ बसलं की खळीचा आणि नव्या कागदाचा वास यायचा.

मला शाळा चौथीपर्यंत. आमचं गाव औसा तालुक्यात. भूकंपात गाव गेलं. आमच्या घरातली पाच माणसं गेली. त्याबद्दल शिकलेल्या लोकांनी पुष्कळ लिहिलंय, मी लिहिणार नाही. आम्ही तिघी उरलो: मी, माझी धाकटी जाऊ आणि तिची सहा वर्षांची पोर. जाऊ पोरीला घेऊन माहेरी नायगावला गेली. मला माहेर नव्हतं. मी लातुरात आले आणि भाकऱ्या थापायला लागले. तेव्हा शहरात क्लास निघत होते, बाहेरगावची पोरं खोल्या करून राहत होती आणि पोरांना दोन वेळा खायला लागतंच. माझं बरं चाललं. त्यांचंही बरं चाललं. कारण पोरांच्या नोट्स ढिगांनी बांधायला यायच्या.

बांधायच्या आधी ते प्रत्येक नोट वाचायचे. समजायचं किती, ते अल्ला जाणे. पण जेवताना मला बेडकाच्या काळजाला किती खण असतात ते सांगायचे. मी म्हणायची, चाचा, मला भाजी चिरू द्या.

दुकानाच्या दारावर पाटी होती: 'शुक्रवारी दुपारी बंद. तातडी असल्यास मागच्या दारावर दोन थापा मारा.' खाली नंतर बारीक अक्षरात लिहिलेलं: 'खरंच मारा.'

त्यांची ही खोड कुठून आली ते सांगते. भूकंपानंतर ते ट्रकांबरोबर आमच्या बाजूच्या गावांत माल उतरवायला जायचे. कपड्यांची पोती यायची. चांगले कपडे होते, फाटके होते, एका पायाचे बूट होते. एका पोत्यात तर नुसते गळ्याला बांधायचे टाय निघाले. ते आम्ही पत्र्याच्या शेडचे बांबू बांधायला वापरले, मजबूत होते. या पोत्यांत चिठ्ठ्या असायच्या. कुठल्या कुठल्या गावांहून, नाव-पत्ता घालून लिहिलेल्या. 'आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत. काही लागल्यास निःसंकोच कळवावे.' लोक चिठ्ठ्या फेकून द्यायचे, कपडा घ्यायचे. हे चिठ्ठ्या उचलायचे. घरी आणून त्यांनी त्या सारख्या मापाच्या कागदांवर चिकटवल्या, शिवल्या, पुठ्ठा घातला, लाल कापडाची पाठ लावली. चांगलं जाड पुस्तक झालं. त्याला ते वायद्याचं बुक म्हणायचे.

"बांधून काय करणार याचं?" मी विचारलं.

"लोकांनी विचारलंय, काही लागलं तर कळवा. आपण कळवून राहिलो."

आणि ते खरंच कळवायचे. रोज रात्रीचं जेवण व्हायच्या आधी एक पोस्टकार्ड. शेडमध्ये फिरून कुणाला काय लागतं ते विचारून यायचे आणि एका पत्त्यावर एकच गोष्ट मागायचे. मोठी नाही. कंदिलाची काच. म्हाताऱ्याचा चष्मा, नंबर लिहून. चौथीच्या पुस्तकांचा एक संच. कार्डाची सुरुवात ठरलेली असायची: 'आपण विचारलंत म्हणून कळवतो.'

बहुतेकांचं उत्तर यायचं नाही. काहींचं यायचं. वस्तू आली की ते पट्टी ठेवून बुकातलं ते पान सुरीनं सरळ कापायचे आणि ज्याचं त्याला पोस्टानं परत पाठवायचे. खाली तीन वाक्यं: 'आपला कागद परत. काम झालं. आता आपण मोकळे.'

एकदा एक गृहस्थ कामानिमित्त लातुरात आले होते, ते रागारागानं दुकानात आले. हातात यांचं कार्ड. म्हणाले, "अहो, आम्ही शिष्टाचार म्हणून लिहिलं होतं."

"मग खाली 'शिष्टाचार' असं लिवायचं ना साहेब. आम्ही समजलो असतो."

"सगळे असंच लिहितात."

"म्हणून तर लोकांना अजून काचेवाचून कंदील हाय."

त्या गृहस्थांनी काच घेऊन दिली. खालच्या बाजारातूनच घेतली, फार लांब जावं लागलं नाही. यांनी त्यांच्यासमोर पान कापून हातात दिलं आणि चहा पाजला. जाताना त्या माणसाच्या तोंडावर आलं होतं, 'काही लागलं तर…' पण त्यानं गिळलं. मी चौकातून बघत होते.

'निःसंकोच' या शब्दावर त्यांचा फार राग. म्हणायचे, "संकोच काय कुत्रा हाय का, हाड म्हटल्यावर जायला? ज्याला गरज त्यानंच संकोच घरी बांधून यायचं, त्यानंच आपल्या दारात उभं राहायचं, अन् आपण मात्र एक शब्द लिवून भले." समोरच्या क्लासवाल्यांनी भिंतीवर मोठा बोर्ड लावला होता: 'विद्यार्थ्यांनी अडचण असल्यास निःसंकोच भेटावे.' हे खळीचं डबडं घेऊन गेले आणि बोर्डाच्या खाली कागदाची पट्टी चिकटवून आले: 'किती वाजता?' क्लासवाले चिडले. पट्टी काढली. यांनी दुसरी लावली. चौथ्या दिवशी क्लासवाल्यांनीच रंगानं लिहून टाकलं, 'रोज सकाळी सहा ते साडेसहा.' त्या दिवसापासून पोरं तिथं खरंच जायला लागली. माझ्या मेसमधला एक पोरगा, जो महिनाभर ताटात मान घालून बसायचा, तोही गेला.

आता माझं.

एका दुपारी मी जावेच्या नावानं बडबडत होते. मी म्हणाले, "लई ताठ बाई हाय. वर्ष झालं, मी तिला कार्ड टाकलं. एक अक्षर न्हाई."

चाचा जेवत होते. म्हणाले, "काय लिवलं होतं? शब्द सांगा."

"हेच. मी इकडं बरी आहे. काही लागलं तर कळव."

"मग बरोबर हाय तिचं."

"कसं काय बरोबर?"

"तुम्ही तिला विचारलंच न्हाई. तुम्ही तिला मागायला सांगितलं."

मला राग आला. म्हणाले, "चाचा, भाकरी खायची तर खा, न्हाईतर उठा." त्यांनी भाकरी संपवली, आणखी एक मागितली, तीही खाल्ली आणि मग उठले. नळावर हात धुताना म्हणाले, "आधी कधी तिनं तुमाला काही मागितलं होतं का?"

मी त्यांचं ताट उचललं. उत्तर माहीत होतं.

गावाकडं एका घरात आमच्या दोन चुली होत्या. एका संध्याकाळी ती वाटी घेऊन माझ्या दाराशी आली. "अक्का, थोडं इरजण असलं तर द्या." दूध लावायला चमचाभर दही, तेवढंच. माझ्या शिंक्यावर दह्याचं गाडगं भरलेलं होतं. मी म्हणाले, न्हाई. का म्हणाले, ते मला आजही नीट सांगता येत नाही. सकाळी तिचा नवरा माझ्या नवऱ्याला बांधावर काहीतरी बोलला होता, तेवढंच. तिनं शिंक्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि वाटी पदराखाली घेऊन गेली. त्यानंतर दोन वर्षं आम्ही बोललो नाही. तिनं मलाच काय, कुणालाच काही मागितलं नाही. मग भूकंप झाला. शेडमध्येसुद्धा ती रांगेत उभी राहायची नाही. पोरीला कुणी काही आणून दिलं तर तेवढं घ्यायची. अशा बाईला मी लिहिलं होतं, काही लागलं तर कळव.

दोन दिवसांनी मी चाचांना हे सांगितलं. ते एका पुस्तकाच्या पाठीला कापड लावत होते. 'जाऊ द्या, होतं असं' वगैरे काही ते म्हणाले नाहीत. म्हणाले, "मग तर ते वाक्य तुमाला बिलकुल चालत न्हाई. तुम्ही एकदा न्हाई म्हणून बसलात. आता तिनं मागायची वाट बघायची न्हाई. आपणच जाऊन उभं राहायचं."

मी टाळत राहिले. मग मेसमधल्या एका पोराची आई नायगावहून त्याला भेटायला आली. तिच्याकडून कळलं की जावेच्या पोरीला शाळेतून काढलंय. मामीचं लेकरू सांभाळते, धुणं धुते. पोर तेव्हा आठ वर्षांची. आमच्या घरातलं उरलेलं ते एकच लेकरू. माझा मुलगा त्याच रात्री गेला होता. त्या पोरीच्या नावापुढं आमच्या घराचं नाव होतं आणि ती मामीच्या पोराचे लंगोट धूत होती. मी चाचांच्या दुकानात जाऊन उभी राहिले. म्हणाले, "लिवायचंय."

"आत्ता न्हाई," ते म्हणाले. "आधी मला सांगा, ती इथं येऊन काय करेल? बसून खाईल का?"

"मरेल, पण बसून खाणार न्हाई."

"काय येते तिला?"

"शिवण येतं. चांगलं येतं."

त्यांनी बुक काढलं आणि शिलाई मशीन मागायचं ठरवलं. मी म्हणाले, एवढं मोठं कोण देतंय? तर म्हणाले, बघू तर. एक चिठ्ठी काढली, घाटावरच्या कुठल्या गावची, कुणा बाईची, अक्षर थोडं हललेलं, पण ओळी सरळ. तिला कार्ड टाकलं.

महिनाभरानं ट्रान्सपोर्टमधून मशीन आलं. पायाचं, जुनं, पण लखलखीत पुसलेलं. बरोबर पत्र होतं. ते त्यांनी मला वाचून दाखवलं, मग मी स्वतः वाचलं. लिहिणारी एकटी राहणारी म्हातारी होती. लिहिलं होतं, मशीन माझ्या मुलीचं आहे, ती आता नाही. पट्टा नवा घातला आहे. तेल दिलं आहे, पण आठवड्याला देत जा. शेवटी लिहिलं होतं, 'उत्तर पाठवायची गरज नाही.'

लोकांना कोपरापासून हात जोडायला लावणारा हा माणूस, पण त्या दिवशी चेहरा उतरला होता. म्हणाले, "बाई, मी त्या टायवाल्यांना पकडायला निघालो होतो. अन् सापडली कोण?" पुढं पंधरा दिवस त्यांनी बुक उघडलं नाही. उघडलं तेव्हा मागायची पद्धत बदलली. कार्डात आणखी एक वाक्य आलं: 'आपल्या घरात जास्तीचं असेल तरच.' चुकले होते आणि सुधारले. पुष्कळ माणसं पहिलंच करून थांबतात.

त्या म्हातारीच्या पत्रातली शेवटची ओळ मात्र त्यांनी उचलली. म्हणाले, "हे खरं. समोरच्याला उत्तर लिवायचं ओझं बी नको."

मग आम्ही जावेचं पत्र लिहायला बसलो. मी लिहायचं, त्यांनी खोडायचं.

मी लिहिलं, संकोच करू नको. ते म्हणाले, "काढा."

मी लिहिलं, यात पोरीचं भलं होईल. "म्हणजे आत्ता तुझ्यामुळं वाईट चाललंय, असं. काढा."

मी लिहिलं, मी तुझीच आहे. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "खरं हाय का?"

"न्हाई."

"मग काढा की."

मी लिहिलं, पुढं तुझी मर्जी. "ही तर धमकी झाली."

"मग काय लिवू, डोंबल?"

"तुम्ही काय करणार ते लिवा. तिनं काय करायचं ते लिवू नका."

तीन कागद गेले. शेवटी जे पत्र झालं ते मला अजून पाठ आहे. 'मेसमध्ये काम आहे. एक शिलाई मशीन आहे, चालवणारं कुणी नाही. पोरीला चालत जाता येईल अशी शाळा आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी दुपारच्या गाडीनं नायगावच्या स्टँडवर येईन आणि चार वाजेपर्यंत बसेन. तू आली नाहीस तर चहा पिऊन परत जाईन आणि पुढच्या महिन्यात येईन. उत्तर पाठवायची गरज नाही. इरजणाचं मी विसरले नाही.'

त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "ही कोणाची?"

"माझी."

"राहू द्या."

पहिल्या सोमवारी मी पहाटेची गाडी धरली. नांदेडला गाडी बदलली. स्टँडवर बसले, दोन चहा प्याले, चार वाजले, परत आले. मेसच्या दारावर चाचांनी पाटी लावलेली: 'आज बाई नाहीत. खिचडी आहे. आवडली नाही तर सांगू नका.' त्यांनी स्वतः केली होती. पोरांनी खाल्ली आणि सांगितलं नाही.

"आली का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"चहा कसा होता?"

"पाणचट."

"मग पुढल्या वेळी बिस्किट न्या."

दुसऱ्या सोमवारी नाही. तिसऱ्या सोमवारी नाही. चहावाला विचारायला लागला, "मावशी, कोणाची वाट बघून राहिलात?" मी म्हणाले, गाडीची. तिसऱ्यांदा परतल्यावर मी चाचांना सांगितलं, आता बास. माझे पाय सुजतात, मेस बुडते, पोरं खिचडीला कंटाळली.

ते म्हणाले, "पत्रात किती महिने लिवलेत?"

"किती ते लिवलंच न्हाई."

"मग थांबायचं बी लिवलं न्हाई."

त्या दिवशी मला त्यांच्या डोक्यात खळीचं डबडं घालावं असं वाटलं. पण वाक्य माझ्या हातानं लिहिलेलं होतं. चौथ्या सोमवारी गेले.

पहिला चहा संपला आणि मागून आवाज आला, "किती चा पिता अक्का? पित्त होतं ना तुमाला."

वळून बघितलं तर ती. हाडं निघालेली, पदर घट्ट. हाताला पोर, पोरीच्या काखेत बोचकं. मी म्हणाले, "चार महिने झाले."

"मला म्हाईत हाय. पहिल्या सोमवारी बी आले होते. केळीच्या गाड्यामागं उभी होते."

"मग?"

"बघत होते, किती बारी येता ते."

मी पिशवीतला बिस्किटाचा पुडा पोरीला दिला. जावेनं विचारलं, "मशीन हाताचं हाय का पायाचं?"

"पायाचं."

"मग चला."

पोरीनं बिस्किटाचा पुडा फोडला. गाडी केळीच्या पाट्यांनी भरली होती. आम्ही तिघी एका बाकावर दाटीनं बसून नांदेडला आलो आणि तिथून लातूरला.

जाऊ कामाची होती. पोरांच्या पुस्तकांसाठी कापडी पिशव्या शिवायची. चाचांच्या दुकानातून त्या खपायच्या. पहिली पिशवी चाचांनी त्या घाटावरच्या म्हातारीला पाठवली. बुकातलं तिचं पान कापलं, त्याच्याखाली 'काम झालं' लिहायला घेतलं आणि थांबले. मग लिहिलं, 'काम सुरू आहे.' पोर शाळेत गेली. पुढं समोरच्याच क्लासला गेली, सकाळी सहाला जाऊन अडचणी विचारायची. आता नांदेडला दवाखान्यात नर्स आहे.

पण एक होतं. जाऊ माझ्याबरोबर राहायची, जेवायची, भांडायची. मागायची नाही. मीठ संपलं तर अळणी खायची. ताप आला तर भिंतीकडं तोंड करून पडायची. माझ्या हातातून घेताना नेहमी काहीतरी बदल्यात ठेवायची: एक कांदा, एक सुई. मी चाचांना म्हणाले, ही अशीच राहणार. ते म्हणाले, "तुमचा बी एक कागद हाय माझ्याकडं."

"कोणता?"

"हाय एक."

पुढं विचारलं तर बेडकाच्या काळजाचं सांगायला लागले.

चाचा गेले त्यालाही आता बरीच वर्षं झाली. शेवटची काही वर्षं हात कापायचे, सुरी सरळ चालायची नाही. पोरंही नोट्सना तारेची गुंडाळी लावून घ्यायला लागली होती, खळ कुणाला नको होती. जाऊ रोज सकाळी त्यांच्या दारात भाकरीचा डबा ठेवायची. पहिल्या दिवशी वर चिठ्ठी होती: 'रोज सातला ठेवीन. नको असली तर कुत्र्याला घाला. डबा परत करा.' ही चिठ्ठी त्यांनी भिंतीवर लावली होती. येणाऱ्याला दाखवायचे, "याला म्हणतात लिवणं." मयतीला सगळी गल्ली होती. जाताना प्रत्येक जण त्यांच्या पुतण्याला म्हणाला, काही लागलं तर सांगा. पुतण्या म्हणाला, हो, हो. मी तसं म्हणाले नाही. दुसऱ्या दिवशीपासून दहा दिवस घरात आलेल्यांचा स्वयंपाक केला.

पण मला सांगायचंय ते त्याच्या तीन-चार वर्षं आधीचं आहे. संध्याकाळची वेळ. मी पोळ्यांची कणीक मळत होते. जाऊ दाराशी आली. हातात वाटी. जागेवरच उभी राहिली. मग म्हणाली, "अक्का, थोडं इरजण असलं तर द्या. माझं नासलं."

एका स्वयंपाकघरात आम्ही दोघी. दह्याचं भांडं कुठं आहे ते तिला माझ्याइतकंच माहीत. हात लांब केला असता तर पोचला असता. मी कणकेचा हात धुतला, भांडं काढलं आणि वाटी भरून दिली. चमचाभर नाही, वाटीभर. ती म्हणाली, "एवढं कशाला?" मी म्हणाले, "गप ने." बदल्यात तिनं काही ठेवलं नाही.

रात्री जेवताना मी चाचांना सहज सांगितलं. ते ताट तसंच ठेवून उठले. दुकानातून बुक आणलं. तेव्हा ते पातळ झालं होतं. शेवटचं पान काढलं. त्यावर माझं पोस्टकार्ड चिकटवलेलं होतं. माझं चौथीचं अक्षर: काही लागलं तर कळव.

"हे तुमच्याकडं कसं?"

"ती इथं आली त्याच आठवड्यात तिनं दिलं. म्हणाली, तुमी असले कागद बांधता म्हणे, हा बी बांधा."

तिनं ते माहेराहून जपून आणलं होतं आणि एवढी वर्षं त्यांनी ते बांधून ठेवलं होतं. त्यांनी पट्टी ठेवली आणि पान कापलं. थोडं वाकडं गेलं. खाली लिहिलं आणि माझ्या हातात दिलं. मी वाचलं. 'आपला कागद परत. काम झालं.'

"चाचा, शेवटची ओळ राहिली. 'आता आपण मोकळे.'"

"राहिली न्हाई. लिवली न्हाई."

"कामून?"

"घरच्या माणसाला मोकळं कोण करते, बाई?"

मी कागद हातात धरून उभी होते. आतून जाऊ ओरडली, "अक्का, दूध उतू चाललंय, अन् कागद काय वाचत बसलात?"

मी आत गेले.